मिल्क ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा का पडतो? उकड, कणीक आणि आपल्याकडचा उकाडा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात उत्तर जवळजवळ तुम्हीच दिलेलं आहे. तुम्ही लिहिलंय की खारघरला राहता, 30 लिटरचा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) आहे, व्हिडिओ बघून जपानी मिल्क ब्रेड तीनदा केला. पीठ फार चिकटत होतं म्हणून मळताना वरून मैदा घातला, मैदा-पाण्याची शिजवलेली पेस्ट गरम गरमच पिठात टाकली, पहिल्यांदा 1 तास आणि टिनमध्ये 45 मिनिटं फुगू दिला. भाजताना वरून रंगच येईना म्हणून 10 मिनिटं जास्त ठेवला, बाहेर काढल्यावर टिनमध्येच गार केला तर बाजू आत गेल्या, आंबट यीस्टचा वास आला आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड टोस्टसारखा कोरडा. आणि आता विचारताय की बटर वाढवू का, यीस्ट वाढवू का, की बाहेरून जपानी मैदा मागवू.

तिन्हीपैकी काहीच करू नका. यीस्ट तर उलट कमी करायचंय.

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते, 13 वर्षं घरून ब्रेडच्या ऑर्डरी घेते आणि या 13 वर्षांत सगळ्यात जास्त ब्रेड माझे एप्रिल-मेमध्येच बिघडलेत, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितेय. तुमची रेसिपी चुकीची नाहीये, ती दुसऱ्या हवेतली आहे. ज्या किचनमध्ये तो 1 तास मोजलाय तिथे 22-24 डिग्री असणार. तुमच्या आमच्याकडे मे महिन्यात किचनमध्ये 32-33 सहज असतं, त्यात ओटीजी चालू केला की अजून वर. यीस्टचं ढोबळ गणित असं की 10 डिग्री वाढले की कामाचा वेग साधारण दुप्पट. म्हणजे तुमच्या पिठाने अर्ध्या तासात जे व्हायचं ते करून घेतलं होतं आणि उरलेला अर्धा तास ते नुसतं आंबत बसलं होतं. वर गरम पेस्ट. पेस्ट 60 च्या वर असेल तर ती ज्या यीस्टला चिकटली ते मेलं, आणि बाकीचं पीठ 35-36 ला जाऊन बसलं.

आता पुढची साखळी बघा, सगळी लक्षणं एकाच ठिकाणाहून आलीत. पीठ जास्त आंबलं म्हणजे यीस्टने पिठातली साखर खाऊन संपवली, साखर नाही म्हणून वरून रंग येईना, रंग येईना म्हणून तुम्ही 10 मिनिटं जास्त भाजलं, जास्त भाजलं म्हणून आतलं पाणी गेलं. जास्त ताणलेल्या पिठाच्या भिंती कमकुवत, त्यात टिनमध्ये वाफ कोंडली, म्हणून बाजू बसल्या. आणि मळताना जो वरून मैदा टाकलात (अंदाजे पाऊण वाटी म्हणताय, म्हणजे 70-80 ग्रॅम तरी झाला) त्याने तर पाण्याचं प्रमाणच मोडलं. यात बटर कुठे आलं सांगा.

आता ती पेस्ट नेमकी कशासाठी असते ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धी रेसिपी पाठ करायची गरज राहत नाही. जपानी लोक याला युदाने म्हणतात, यु म्हणजे गरम पाणी. चिनी नाव तांगझोंग, लिहायची अक्षरं तीच, उच्चार वेगळा. सध्या ज्या पद्धतीला तांगझोंग म्हणतात त्यात 1 भाग मैदा 5 भाग पाणी किंवा दुधात घालून गॅसवर 65 डिग्रीपर्यंत घोटतात, खळीसारखी पेस्ट होते. युदानेमध्ये मैद्यावर तेवढ्याच वजनाचं उकळतं पाणी ओतून कालवतात, गोळा होतो आणि तो रात्रभर ठेवतात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून आईला म्हटलं होतं, अगं ही तर आपली उकड! मोदकाची उकड आपण का काढतो? तांदळाची पिठी गार पाण्यात भिजवली तर तिची पारी होत नाही, फुटते. उकळत्या पाण्यात पिठीतला स्टार्च फुगतो, पाणी धरून बसतो, मग ती मऊ होते, वळते, पाकळ्या येतात. गव्हाच्या मैद्याचंही तेच. कोरडा मैदा गार दुधात जेवढं पाणी पितो त्याच्या कितीतरी पट पाणी उकडलेला मैदा पितो आणि सोडत नाही. म्हणजे ब्रेडमध्ये पाणी जास्त गेलं तरी मळताना पीठ पचपचीत लागत नाही, आणि भाजल्यावर ते पाणी आतच राहतं, दुसऱ्या तिसऱ्या दिवशीही. मऊपणा तिथून येतो. बटर चव देतं, कापताना स्लाइस गुळगुळीत करतं, पण दुसऱ्या दिवशीचा ओलावा उकडीचा.

मी युदानेच करते, तांगझोंग नाही. एक तर पातेलं घोटत बसावं लागत नाही, दुसरं म्हणजे किती आटलं याचा हिशोब राहत नाही.

(एक गोष्ट सांगायचा मोह होतो. जपानीत ब्रेडला पान म्हणतात आणि आपण पाव म्हणतो, दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या पाओवरून आलेत. वसई पोर्तुगीजांकडे 1534 ला गेली, जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज 1543 ला पोचले, दोन्हीत 9 वर्षांचंच अंतर. आपलं ठाणंही 1737 ला मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. तिकडे त्या पानाचं पुढे शोकुपान, म्हणजे हाच मऊ चौकोनी ब्रेड, झालं आणि इकडे लादीपाव, भावंडंच आहेत म्हणा. म्हणून आपल्याला हा ब्रेड परका वाटायचं कारण नाही.)

आता माप. वाटी आणि कप बंद करा प्लीज, 1 कप मैदा कोणी हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम, दाबून भरला तर 150, एवढ्या फरकात ब्रेडचं काही खरं नाही. किचनचा डिजिटल काटा घ्या, 1 ग्रॅम दाखवणारा पुरतो, यीस्ट-मिठासाठी छोटा पॉकेट काटा मिळाला तर उत्तम.

टिनही मोजायचा. आपल्याकडे दुकानात मिळणारा टिन एकासारखा एक नसतो आणि टिनच्या मानाने पीठ कमी पडलं तर ब्रेड ठेंगणा, जास्त झालं तर दाट किंवा बाहेर सांडतो. टिन काट्यावर ठेवा, काटा झीरो करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी तितके मिली. त्याला 4 ने भागा, तेवढ्या ग्रॅमचं तयार पीठ त्यात घालायचं. जपानमध्ये चौकोनी झाकणवाल्या ब्रेडला हेच माप धरतात, 3.8 ते 4.2 च्या मधे. म्हणजे टिन 1900 मिलीचा असेल तर पीठ 475 ग्रॅम. तिथे ब्रेड किन या मापाने विकतात, एक किन म्हणजे कमीत कमी 340 ग्रॅमचा लोफ, आणि आपला हा टिन साधारण त्याच घरातला आहे.

1900 मिलीच्या आसपासच्या टिनला माझं प्रमाण. उकडीसाठी मैदा 50 ग्रॅम आणि उकळतं पाणी 50 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्यात मैदा 200 ग्रॅम, फ्रिजमधलं गार दूध 120 (त्यातलं 10 बाजूला काढून ठेवा, लागलं तरच), साखर 20, मिल्क पावडर 10, मीठ साडेचार, इन्स्टंट यीस्ट 3 आणि बिनमिठाचं बटर 25. एप्रिल ते जूनमध्ये यीस्ट अडीच ग्रॅमच. घरात नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर तेही चालतं, मीठ 4 ग्रॅम करा. मिल्क पावडर घेताना पाकीट वाचा, डेअरी व्हाइटनर असेल तर त्यात साखर आधीच असते. काही मोठं बिघडत नाही, ब्रेड जरा गोड होतो आणि रंग लवकर येतो, पण आपल्याला माहीत असावं. दूध आपण उकळतोच, तसंच उकळून गार केलेलं घ्यायचं, पिशवीचं थेट नाही. न उकळलेल्या दुधातली काही प्रोटीनं पिठाची ताकद कमी करतात, ती चांगल्या उकळीने निष्प्रभ होतात. आपली घरातली सवयच इथे कामाला येते.

मैद्याबद्दल विचारलंय. जपानी ब्रेडचा मैदा कडक गव्हाचा, प्रोटीन साडेअकरा ते तेराच्या घरात. आपल्या पाकिटाच्या मागे 100 ग्रॅममागे प्रोटीन लिहिलेलं असतं ते बघा, 10-11 असेल तर बिनधास्त घ्या. कमी असेल तर व्हायटल ग्लूटेन म्हणून जे मिळतं ते 250 ग्रॅम मैद्याला 5 ग्रॅम घाला. त्यात पाऊण भाग प्रोटीनच असतं, म्हणजे एवढ्याशा चमच्याने प्रोटीन साधारण सव्वा टक्क्याने वर जातं. बेकरीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतं, मी ठाणे स्टेशनकडून जांभळी नाक्याच्या बाजूला उतरले की महिन्याचं एकदम घेऊन येते. पण खरं सांगू का, माझ्या निम्म्या ऑर्डरी साध्या चांगल्या मैद्याच्याच असतात. मैदा महाग असण्यापेक्षा मळणं पूर्ण होणं जास्त गरजेचं. कणकेचा ब्रेड करायचा असेल तर चौथा हिस्सा कणीक घाला, दूध 10-15 मिलीने वाढवा, त्याच्या पुढे गेलात तर हा असा कापसासारखा धागा येत नाही, तो वेगळा ब्रेड होतो.

रात्री उकड करा. पाणी खरंच खळखळ उकळतं हवं, गीझरचं किंवा थर्मासमधलं नाही. वाडगा गार असेल तर आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर तेवढ्या थोड्या पाण्याची उष्णता वाडगाच खातो. मैद्यावर ओतून चमच्याने भराभरा कालवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की गोळा करा, प्लॅस्टिक चिकटवून झाका, गार झाला की फ्रिजमध्ये. किमान 4 तास, रात्रभर उत्तम. सकाळी तो गोळा रबरासारखा घट्ट आणि किंचित गोडसर लागतो. तुम्ही गरमच टाकलात तिथे ही संपूर्ण पायरी गेली, आणि आपल्या हवेत फ्रिजमधली गार उकड ही दुहेरी फायद्याची, ती पीठही गार ठेवते.

आता तापमान, जे मला तुमच्या मनावर ठसवायचंय. मळून झाल्यावर पीठ 26 डिग्रीला असलं पाहिजे, 27 पर्यंत चालेल. बेकरीवाले याचा सोपा हिशोब करतात, हवं असलेलं तापमान गुणिले 3, त्यातून किचनचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळण्याने येणारी गर्मी वजा करायची, जे उरतं ते दुधाचं तापमान. मेमध्ये 78 वजा किचन 32, मैदा 31, हाताने मळण्याची 5 धरा, उरले 10. म्हणजे फ्रिजमधलं दूध. जानेवारीत किचन 24 आणि मैदा 24 असेल तर दूध 25 चं लागतं, म्हणजे बाहेर ठेवलेलं. बघा, एकाच रेसिपीत 15 डिग्रीचा फरक, आणि कुठल्याही व्हिडिओत फक्त कोमट दूध घ्या एवढंच सांगतात. इन्स्टंट यीस्टला कोमट दुधाची गरजच नसते, ते थेट मैद्यात मिसळायचं. मशीनने मळत असाल तर गर्मी दुप्पट येते, तेव्हा मैदासुद्धा तासभर फ्रिजमध्ये ठेवते मी. प्रोब थर्मामीटर, म्हणजे सुईसारखा आत खुपसायचा, घ्या, पीठ, दूध, तयार ब्रेड सगळ्याला तोच लागतो.

मळणं. तुम्ही लिहिलंय 10 मिनिटं मळलं. कमी आहे. पुरणपोळीची कणीक आठवा, ती आपण कशी तिंबतो, सैलसर भिजवायची, ठेवून द्यायची, मग तेल लावून ताणत आपटत राहायचं, जोवर ती हातात तार धरून लोंबत नाही तोवर पुरण आत राहत नाही. या पिठाला अगदी तेच करायचंय. आधी बटर आणि मीठ सोडून सगळं एकत्र करा, उकडीचे लहान लहान तुकडे तोडून घाला. कोरडं पीठ संपलं की झाकून 20 मिनिटं ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. या 20 मिनिटांत मैदा पाणी पिऊन घेतो आणि तुमची निम्मी मेहनत वाचते. मग मीठ घालून 8-10 मिनिटं मळा, ओट्यावर ढकला, ताणा, दुमडा, उचलून आपटा. चिकटेल. चिकटू दे. सुका मैदा घ्यायचा नाही, स्क्रेपरने किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने ओटा खरवडत राहायचं. हात फार भरले तर धुऊन ओल्या हाताने परत लागा. दहाव्या मिनिटाच्या आसपास ते ओटा सोडायला लागतं, हा क्षण ज्याने एकदा पाहिला तो परत कधी वरून मैदा घालत नाही. मग बटर, मऊ पण गार, पातळ झालेलं नाही, दोन-तीन वेळा थोडं थोडं. बटर सुरुवातीला नाही घालायचं कारण ते मैद्याच्या कणांना गुंडाळून बसतं आणि तार धरू देत नाही. बटर घातल्यावर पीठ एकदम विस्कटतं, वाटतं सगळं बिघडलं, घाबरू नका, 3-4 मिनिटांत परत एक होतं. अजून 8-10 मिनिटं.

झालं कधी म्हणायचं? लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणा. पडद्यासारखा पातळ झाला, पलीकडची बोटं दिसली आणि भोक पडलं तर त्याची कड गुळगुळीत गोल असली की तयार. कड करवतीसारखी फाटली तर अजून 5 मिनिटं. इथे मिनिटं मोजून थांबायचं नाही. माझ्या क्लासला येणाऱ्या बायकांपैकी ज्यांचा ब्रेड पहिल्यांदाच जमला त्या सगळ्या पुरणपोळ्या करणाऱ्या होत्या. हाताला माहीत असतं.

आता थर्मामीटर खुपसा. 29-30 दिसलं तर पीठ चपटं करून 15 मिनिटं फ्रिजमध्ये, मग पुढचं.

पहिलं फुगवणं आकाराने दुप्पट होईपर्यंत, घड्याळाने नाही. सरळ उभ्या बाजूंचा पारदर्शक डबा घ्या आणि बाहेरून रबरबँड लावा, दुप्पट म्हणजे किती ते डोळ्यांनी दिसतं, वाडग्यात कधीच कळत नाही. माझ्याकडे मेमध्ये 40-45 मिनिटं, जानेवारीत सव्वा ते दीड तास. बोटाला मैदा लावून मधे खुपसा, भोक तसंच राहिलं किंवा जरासंच आत आलं तर तयार, सगळंच खाली बसलं तर उशीर झाला. झाकायला ओलं फडकं नको, चिकटतं, झाकण किंवा हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप. आणि पंखा बंद! घाम गाळत मळल्यावर आपण सगळ्यात आधी पंखा लावतो आणि त्याच्याखाली पीठ ठेवतो, वर पापुद्रा धरतो आणि तोच पापुद्रा मग ब्रेडमध्ये कडक रेघ म्हणून निघतो.

नोकरी असेल, सकाळची लोकल असेल तर रात्री मळून पीठ डब्यात घालून सरळ फ्रिजमध्ये टाका, 8 ते 12 तास. सावकाश फुगलेल्या पिठाला चव जास्त छान येते आणि उन्हाळ्यात मी तर मुद्दाम असंच करते. फक्त उकड मग आदल्या सकाळी करायची.

आकार देताना पिठाचे वजन करून 2 किंवा 3 सारखे भाग, गोल वळून झाकून 15 मिनिटं विश्रांती, नाहीतर लाटताना पीठ मागे ओढलं जातं. मग लाटण्याने लांबट लाटा, मधून कडेकडे, कडेचे बुडबुडे फोडा. घडीच्या पोळीसारखी दोन्ही बाजू मधे आणून तीन पदरी घडी, मग वळकटी गुंडाळतो तशी सुरळी, घट्ट पण ताणून फाडायची नाही. जोड खाली, सगळ्या सुरळ्यांचं वळण एकाच दिशेला, तेल लावलेल्या टिनमध्ये. हा ब्रेड ओढला की जो धाग्याधाग्याने सुटतो तो याच लाटण्या-वळण्यामुळे, त्यामुळे इथे घाई नको.

दुसरं फुगवणं उन्हाळ्यात 35-40 मिनिटं धरा पण डोळा टिनच्या काठावर. झाकणाचा चौकोनी ब्रेड असेल तर पीठ टिनच्या 80 टक्के उंचीला आलं की झाकण सरकवून आत. उघडा असेल तर घुमट काठाच्या एक बोट खाली असतानाच भट्टी गरम असायला हवी. ओटीजी तापायला 15-20 मिनिटं लागतात, म्हणून पीठ पाऊण टिन आलं की ओटीजी चालू करा. तुमचं पीठ काठाच्या वर डोलत होतं असं लिहिलंय ना, तिथेच हातातून गेलं होतं ते.

भाजणं. वरचा-खालचा दोन्ही रॉड, 190 ला तापवा, टिन सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा आणि 180 करा. 30 लिटरमध्ये वरचा रॉड ब्रेडच्या फार जवळ येतो, म्हणून 15 मिनिटांनी डोकावून बघा, रंग पुरेसा आला असेल तर वर फॉइल. एकूण 30 ते 35 मिनिटं, आणि आत प्रोब घालून 93 ते 95 दिसलं की बाहेर, रंगाच्या भरवशावर राहू नका. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी गर्मी यात 15-20 डिग्रीचा फरक मी स्वतः पाहिलाय, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्याच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तरी होतो, 200 ला तापवा कारण दार उघडलं की गर्मी पटकन पडते, आणि त्याच्या पंख्याने वर लवकर करपतो म्हणून फॉइल लवकर. अर्ध्यात लाइट गेली तर दार उघडू नका, 10-15 मिनिटं आतली गर्मी काम करत राहते, माझा एक लोफ असा वाचलाय. फुगवताना लाइट गेली तर काहीच फरक पडत नाही.

बाहेर काढलं की टिन ओट्यावर 10-15 सेंटिमीटरवरून एकदा ठक्कन आपटा. आतली कोंडलेली गरम वाफ झटक्यात बाहेर पडते आणि बाजू आत ओढल्या जात नाहीत, जपानी बेकरीत हे रोज करतात. लगेच टिनमधून काढून जाळीवर उभा ठेवा. टिनमध्ये गार करणं म्हणजे ओल्या भिंतीला टेकून उभं राहण्यासारखं, खालून पाणी सुटतं आणि ती बसते. मग किमान दीड-दोन तास हात लावायचा नाही. मला माहितीये घरभर वास सुटलेला असतो आणि मुलं ओट्याभोवती फिरत असतात, पण गरम ब्रेड कापला तर आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरीला चिकटून लगदा होतो आणि वाफेबरोबर तुमचा दुसऱ्या दिवशीचा मऊपणा निघून जातो.

आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. हे तुम्ही लिहिलं नाहीयेत पण मला दाट शंका आहे की ब्रेड रात्री फ्रिजमध्ये होता, कारण आपल्या हवेत बुरशी येईल म्हणून सगळेच ठेवतात. फ्रिजमधला भात सकाळी कसा होतो, एकेक शीत टणक. मोदक फ्रिजमध्ये ठेवले की पारी कशी कडक पडते. तोच स्टार्च, तोच प्रकार. फुगलेला स्टार्च गार होताना परत घट्ट बांधला जातो आणि हे सगळ्यात वेगाने होतं ते फ्रिजच्याच तापमानाला. म्हणून दोन दिवस लागेल तेवढा बाहेर हवाबंद डब्यात, बाकीचा पूर्ण गार झाल्यावर स्लाइस करून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये. फ्रीझर चालतो, कारण तिथे ही सगळी हालचालच थांबते. पावसाळ्यात मी बाहेर एकच दिवस ठेवते, दमट हवेत बुरशी लगेच येते आणि यात टिकण्यासाठी काही घातलेलं नसतं. खायच्या वेळी फ्रीझरमधली स्लाइस तशीच मंद तव्यावर झाकण ठेवून एकेक मिनिट, मऊ भातासारखी परत जागी होते.

यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट बरणीत फ्रीझरला. ओट्यावर ठेवलेलं यीस्ट आपल्या पावसात महिन्याभरात ढिलं पडतं आणि मग माणूस प्रमाण वाढवत बसतो.

आधीचे ब्रेड टाकून दिले नसतील तर त्याचे चौकोनी तुकडे करून मंद आचेवर खडखडीत होऊ द्या, आमटीत किंवा सूपमध्ये छान लागतात. आणि या रविवारी केलात तर मला तीन आकडे कळवा, टिन किती मिलीचा निघाला, मळून झाल्यावर पीठ किती डिग्रीला होतं आणि बाहेर काढताना आत किती होतं. कापलेल्या बाजूचा फोटोही पाठवा, वरचा नको. भोकं कुठे मोठी आणि कुठे दाट आहेत ते दिसलं की मळण्यात कमी पडलं की फुगवण्यात, ते लगेच सांगता येईल.